हानसानवालीचं घमेलं

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शेडमधला बंब बंद पडला आणि त्याच आठवड्यात मालकांचा जावई मॅनेजर होऊन आला. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण पुढं जे झालं ते या दोन्हींमुळं झालं.

आम्ही बावीस बायका त्या शेडमध्ये कालवं फोडतो. मी पहाटेचे एकशे आठ नमस्कार घालून निघते. ज्यांचा जीव दिवसभर माझ्या सुरीखाली जातो त्यांची आधीच माफी मागून ठेवते. पाच वाजता आम्ही लांब टेबलांच्या दोन्ही बाजूंनी उभ्या राहतो. क्रेन मधोमध ढीग ओतते. डाव्या हातात कालव, उजव्या हातात आखूड सुरी. फटीत टोक घालायचं, मनगट वळवायचं, आतला देठ कापायचा, गर घमेल्यात, कवच पायाशी. हे दुपारचे चार वाजेपर्यंत. आत सुती आणि वर रबरी असे दोन-दोन हातमोजे घातले तरी हिवाळ्यातल्या समुद्राचं पाणी दहा मिनिटांत हाडापर्यंत जातं. बोटं आहेत हे डोळ्यांनी बघून खात्री करावी लागते. म्हणून शेडच्या टोकाला हौद आहे आणि हौदात बंबाचं गरम पाणी. दर अर्ध्या तासानं जायचं, मोज्यांसकट हात बुडवायचे, बोटं परत आणायची.

बंब बंद पडला आणि हौदात नुसतं नळाचं पाणी राहिलं.

खिडकीजवळची पहिली जागा हानसानवालीची. आमच्याकडं लग्न करून आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावावरून ओळखतात. ती हानसान बेटावरची, मी नामहेची. तिचं खरं नाव ओकबुन, हे मला पुढं फळ्यावर वाचून कळलं, आणि आमच्या घरांची भिंत एक आहे. वय एकाहत्तर. त्रेचाळीस हिवाळे ती त्या एकाच फळीवर उभी राहिली. फळीत तिच्या दोन पावलांच्या दोन खोलगट जागा पडल्यात. तिच्या शेजारी तिची सून जिन्सुक. मुलगा तेग्वन याच मालकाच्या बोटीवर. कालवांच्या माळा समुद्रातून तो ओढून आणायचा, आणि त्याची आई अन् बायको त्या फोडायच्या.

नवा मॅनेजर गिजुन राजधानीतून, सोलहून आला होता. हसरा, गोरा, लोकरी हातमोजे घातलेला. पहिल्याच दिवशी त्यानं प्रत्येकीला एक कागद दिला. कागदावर एकच प्रश्न होता : काम करायला तुम्हाला सगळ्यात जास्त बळ कशानं येईल?

आम्ही कागद गुडघ्यावर ठेवून लिहिलं. वाकड्या अक्षरांत, ओल्या बोटांनी. आपल्याला कुणी विचारलं याचंच अप्रूप वाटलं. बावीस जणींनी एकच लिहिलं : गरम पाणी. योक्जीवालीनं खाली भर घातली : आणि तरुण नवरा.

गिजुननं तेवढंच मोठ्यानं वाचलं आणि पोट धरून हसला. मग म्हणाला, "मावश्यांनो, पाण्याचं काय, दुरुस्तीवाला कधीतरी येईलच. मी आतलं विचारतोय. इथलं." त्यानं छातीवर हात ठेवला. "मन पेटलं की थंडी वाजत नाही."

"मग यांना इथं उभं करा," योक्जीवाली माझ्या कानात म्हणाली, "पेटलेलं मन घेऊन."

तीन आठवड्यांनी भिंतीवर फळा आला. त्यावर बावीस नावं, माहेरची गावं नव्हे, खरी नावं आणि त्यांच्यापुढं आकडे. रोजचं वजन, आठवड्याची बेरीज, नंबर. फळ्याच्या वर कापडी पट्टी : पहिला नंबर, गरम पाण्याच्या झऱ्यांवर दोन दिवस, दोन माणसांना.

योक्जीवालीनं ती पट्टी दोनदा वाचली. "म्हणजे गरम पाणी आहे त्याच्याकडं," ती म्हणाली. "फक्त एकीपुरतं आहे."

पट्टीच्या खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. तीन आठवडे जिचा नंबर शेवटचा येईल तिला 'सन्मानानं विश्रांती'. ती कुणी मोठ्यानं वाचली नाही.

आणि त्यानं आमची मुठीची रीत बंद केली.

चार वाजता घमेली घेऊन आम्ही काट्याकडं जातो. जाताना प्रत्येकीनं आपल्यातली एक मूठ, एका हातात मावेल तेवढीच, त्या दिवशी जिचं पाऊल अडलंय तिच्या घमेल्यात टाकायची. कुणी तापात असते, कुणाचे हात म्हातारे झालेले असतात. जी आलीच नाही तिचं घमेलं तिच्या जागेवर मांडलेलं असतं. मजुरी वजनावर मिळते, म्हणून रिकामं घमेलं काट्यावर जाऊ द्यायचं नाही. जिन्सुकला मुलगी झाली तेव्हा एकवीस दिवस तिच्या घमेल्यात मूठ पडली. माझा नवरा गेला तेव्हा एकोणपन्नास दिवस माझ्या. याबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नाही. एकच नियम : मूठ एकच. दोन टाकल्या तर ती मूठ नव्हे, भीक.

गिजुननं काट्यावर कॅमेरा लावला होता. त्यात त्याला आमचे हात दिसले.

"हे काय चाललंय? असे आकडे खोटे होतात. खरी मेहनत कुणाची हे कसं कळणार?"

काट्यावर चनकाका असतात, तीस वर्षं. ते म्हणाले, "आम्हाला कळतं की."

"मला कळत नाही," गिजुन म्हणाला. "आजपासून बंद."

पहिल्या शनिवारी आकडे लागले. पहिला नंबर जिन्सुक. बाविसावा नंबर ओकबुन.

त्या एका घरातल्या आहेत हे त्याला कुणीतरी सांगितलं. त्याला एवढा आनंद झाला की बघवेना. त्यानं जिन्सुकच्या अंगात पिवळं जाकीट घातलं, दोघींना शेजारी उभं केलं, फोटो काढला. "एका छपराखाली पहिली आणि शेवटची! आता सूनच सासूला शिकवेल. केवढी गोड गोष्ट!" मग त्यानं जिन्सुकच्या हातात सेकंद मोजायचं घड्याळ दिलं आणि तिला हानसानवालीच्या पाठीमागं उभं केलं. दहा मिनिटं. रोज सकाळी.

सोळा वर्षांपूर्वी हीच जिन्सुक डोंगराकडच्या गावातून आली, तेव्हा सुरी धरता येत नव्हती. हानसानवाली तिच्या पाठीमागं उभी राहून, दोन्ही हात तिच्या हातांवर ठेवून, महिनाभर तिचं मनगट वळवत होती. आज तिच्याच पाठीशी उभं राहून जिन्सुक घड्याळाकडं बघत नव्हती. जमिनीकडं बघत होती.

"किती झाले?" हानसानवालीनं मान न वळवता विचारलं.

"आई, माफ करा."

"मी सेकंद विचारले."

मग टाळ्या. शेवटच्या नंबरासाठी सगळ्यांनी तीन टाळ्या वाजवून "जोर लावा!" म्हणायचं, असा नियम. म्हणजे तिला बळ येईल. एकाहत्तर वर्षांची बाई एप्रन घालून मधोमध उभी आणि आम्ही टाळ्या वाजवतोय. रबरी मोज्यांच्या टाळ्यांचा आवाज ओल्या फडक्यासारखा येतो. मीही वाजवल्या. ते एकशे आठ नमस्कारांत फिटणारं नव्हतं.

दोन आठवड्यांत शेड बदलली. आधी बोलणं गेलं. कुणाच्या मुलाचं लग्न, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, टीव्हीवरच्या मालिकेतली खाष्ट सासू, सगळं बंद. नुसता सुऱ्यांचा आवाज. मग बायकांनी पाणी प्यायचं सोडलं, लघवीला जावं लागू नये म्हणून. योक्जीवाली जेवणातलं गरम सूपही बाजूला सारायची. एका दुपारी ती पाय आवळून उभी होती आणि तिच्या बुटात आवाज आला. कुणी वर पाहिलं नाही. तीही हसली नाही, आणि योक्जीवाली स्वतःवर हसली नाही असं कधी झालं नव्हतं. गरात कवचाच्या कपच्या येऊ लागल्या. घाईत पोटं फुटून घमेल्यात पांढरं पाणी साचायचं. आणि मी, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, शेजारणीच्या पुढ्यातलं मोठं कालव सुरीच्या टोकानं माझ्याकडं ओढलं. तिनं पाहिलं. मीही पाहिलं की तिनं पाहिलं.

सगळ्यात मोठ्या रात्रीचा सण आला त्या संध्याकाळी मी लाल घेवड्याच्या खिरीची वाटी घेऊन शेजारी गेले. तिघं जेवायला बसली होती. नात आजोळी होती, ते बरंच. हानसानवालीच्या हातातून चमचा पडला. तिनं उचलला. परत पडला. जिन्सुक उठली, परातीत ऊन पाणी घेऊन आली आणि सासूचे दोन्ही हात त्यात ठेवले. बोटं लाल नव्हती, राखेच्या रंगाची होती. टोकांना भेगा, भेगांत मीठ.

"उद्यापासून मी हळू करते," जिन्सुक म्हणाली. "पहिला नंबर नको मला."

"हळू?" हानसानवालीनं हात पाण्यातून काढले. "मी वळवलेलं मनगट ते. ते हळू चालवशील? त्या पोरासाठी?"

तेग्वन भाताकडं बघून म्हणाला, "आई, तू घरीच बस ना आता. खूप झालं."

"आणि काय करू? भिंतीला टेकून तुमची वाट बघू? त्या फळीवर माझे पाय कुठं पडतात ते जाऊन बघ. मी शेवटची आहे म्हणून मला काढणार असतील तर काढू देत. मी म्हातारी झालेय, हे मला कळतं. पण माझे हात अडतात ते गारठलेत म्हणून, म्हातारे झाले म्हणून नव्हे. त्याला म्हातारपण म्हणतोय तो. गारठ्याला."

मला म्हणाली, "नामहेवाली, खीर गरम आहे ना? मग ती वाटी जरा हातात दे."

तिनं खाल्ली नाही. नुसती धरून बसली.

तिसऱ्या शनिवारी शेवटची बेरीज होती. हानसानवाली आदल्या दोन्ही आठवड्यांत शेवटची होती. या वेळी एकवीस नंबरवालीशी फार अंतर नव्हतं. दुपारी ती संडासला गेली तेव्हा जिन्सुकनं आपल्या घमेल्यातून मोठं पातेलं भरलं आणि तिच्या घमेल्यात ओतलं. कॅमेऱ्याकडं पाठ करून. आम्ही सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी सुऱ्यांकडं बघितलं.

हानसानवाली परत आली. घमेल्याच्या कानाला हात लावला आणि थांबली. त्रेचाळीस वर्षं ते उचललेलं. मग वाकून गर बघितला. वरची कालवं सगळी अखंड होती, एकाचंही पोट फुटलेलं नव्हतं. उरलेले दोन तास सुरी चालवत राहिली.

काट्यावर चनकाका घमेलं ठेवायला लागले तशी ती म्हणाली, "थांबा." तेच पातेलं तिनं उचललं, काठोकाठ भरलं आणि जिन्सुकच्या घमेल्यात परत ओतलं. सगळ्यांदेखत.

"एवढं माझं नाही."

"आई..."

"एक मूठ टाकली असतीस तर घेतली असती. नाचत घेतली असती. पातेलं का टाकलंस?" तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "तुलाही वाटायला लागलं ना, की माझं झालं?"

जिन्सुक पिवळ्या जाकिटात उभी राहून रडायला लागली. मला तिचं वाईट वाटलं आणि हानसानवालीचंही. राग आला तो भलत्याचाच. त्या दोघींमध्ये पातेलं आणून ठेवलं कुणी?

चनकाकांनी वजन सांगितलं. बाविसावा नंबर.

गिजुननं फोन उंच धरला. सासऱ्याला पाठवायला तो या सभांचं चित्रण करायचा. "काकू, मन छोटं करायचं नाही हं. विश्रांती म्हणजे बक्षीसच समजा! दोन शब्द बोला. हसून."

हानसानवालीनं आधी रबरी मोजे काढले. मग सुती मोजे, पिळून. खिशात ठेवले. "तुमचा हात द्या," ती म्हणाली.

त्यानं आनंदानं दिला. फोन दुसऱ्या हातात. तिचा हात हातात आल्यावर त्याच्या खांद्यात एक शिरशिरी गेली, मी पाहिली. तिनं त्याला दोन पावलं चालवलं आणि त्याच्या हातासकट आपला हात हौदात बुडवला. बाहीपर्यंत.

त्याला ओढून घेता आला असता. म्हातारीचा हात तो. पण फोन चालू होता, आणि चेहऱ्यावर आणलेलं हसू काढायला माणसाला वेळ लागतो.

"मोजा गं कुणीतरी," हानसानवाली म्हणाली.

मोजायची सवय मलाच. "एक," मी म्हणाले. "दोन." माझा आवाज चार पावलांपलीकडं जात नाही असं सगळ्या म्हणतात. दहानंतर योक्जीवाली मिसळली. वीसपर्यंत सगळी शेड मोजत होती.

एकतिसाव्याला त्यानं हात हिसकला आणि ओरडला. "वेडी आहे का ही बाई!" लाल झालेला हात त्यानं काखेत घातला. फोन पाण्यात पडला होता.

"तुमचे एकतीस झाले," हानसानवाली म्हणाली. तिचा हात अजून पाण्यातच. "मोजा गं पुढं."

आम्ही एकशे आठपर्यंत मोजलं. मग तिनं हात काढला, एप्रनला पुसला आणि सुरी जागेवर ठेवून घरी गेली.

"सोमवारपासून तिनं पाय ठेवायचा नाही इथं!" तो मागून ओरडला.

सोमवारी जिन्सुक एकटी आली. जाकीट नव्हतं. तिनं बक्षिसाचं पाकीट, झऱ्यांचं, फळ्यावर बाविसाव्या नावाखाली चिकटवलं. मग सासूचं घमेलं धुतलं आणि खिडकीजवळच्या जागी ठेवलं. त्या फळीवर कुणी पाय ठेवला नाही.

"ते उचला तिथून," गिजुन म्हणाला.

"घमेलं आहे," जिन्सुक म्हणाली. "चावत नाही."

दर अर्ध्या तासानं आम्ही पूर्वीसारख्या हौदाकडं जाऊ लागलो. एकवीसच्या एकवीस जणी. गार पाण्यात हात घालायचे आणि मोठ्यानं एकशे आठ मोजायचे. मोजून झाल्यावरच परत. तो हातात घड्याळ घेऊन मागं-पुढं करायचा. काय म्हणणार? हौदावर जाऊ नका, असा नियम फळ्यावर नव्हता.

चार वाजता मी सगळ्यांत आधी निघाले. मूठ भरली, कॅमेऱ्याला नीट दिसावी म्हणून हात जरा उंच धरला आणि खिडकीजवळच्या घमेल्यात सोडली. माझ्यामागं ती शेजारीण, जिच्या पुढ्यातलं मी ओढलं होतं. माझ्याकडं बघून तिनं मान हलवली. मग योक्जीवाली. शेवटी जिन्सुक. तिची मूठ बराच वेळ मिटलेली राहिली. पण एकच टाकली.

चनकाकांनी घमेलं काट्यावर ठेवलं. "हानसानवाली. तीन किलो दीडशे."

"ती बाई इथं नाहीच आहे!" गिजुन म्हणाला.

मी दिवस उजाडायच्या आत कडू शब्द न बोलण्याचं व्रत धरलंय. पण तेव्हा चार वाजले होते, आणि शब्दही कडू नव्हता.

"आहे," मी म्हणाले.

चनकाकांनी फळ्यावर लिहिलं.

"पुसा ते."

चनकाकांनी हौदात फडकं बुडवलं, न पिळता त्याच्यापुढं धरलं. "तुम्हीच पुसा. तुमचा फळा."

फडक्यातून पाणी गळत होतं. गिजुनचा उजवा हात सकाळपासून खिशात होता. तो खिशातच राहिला.

मंगळवारी तसंच. बुधवारी तसंच. माल निम्म्यावर आला. वर मागच्या आठवड्यातला कपच्यांचा मालही परत आला, आणि मालकांचा फोन ऑफिसात बराच वेळ चालला. बुधवारी दुपारी दुरुस्तीवाला आला. बंब उघडला, आतून नाण्याएवढी रबरी चकती काढली, फाटलेली. खिशातली नवी बसवली. वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांसाठी आम्ही सहा आठवडे बोटं वाहिली होती. मी त्या फाटक्या चकतीकडं बघत राहिले आणि मला इतका राग आला की संध्याकाळच्या जपाची माळ दोनदा चुकली.

गुरुवारी पहाटे चनकाका स्वतः जाऊन हानसानवालीला घेऊन आले. तिनं एप्रन बांधला. सुरी अंगठ्यावर घासून बघितली. फळीवर जायच्या आधी ती हौदाकडं गेली. पाण्यावर वाफ होती. आम्ही सगळ्या सुऱ्या थांबवून बघत होतो. जिन्सुक तिच्या मागं मोजे घेऊन उभी होती. गिजुनही आला, हसू परत बसवून, जरा लांबच उभा राहिला.

तान्ह्या मुलाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं तिनं बाही वर करून कोपर बुडवलं. बराच वेळ ठेवलं.

"काय काकू," गिजुन म्हणाला, "आता तरी खूश ना?"

तिनं कोपर काढलं आणि एप्रनच्या टोकानं पुसलं.

"कोमट आहे," हानसानवाली म्हणाली. "आम्ही कागदावर गरम लिहिलं होतं."